मॉरिशसमध्ये धंदा वाढवताना: दोन टक्के कुठे जातात आणि माणसं कशी सांभाळायची

मॉरिशस म्हणजे सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचा देश. एकट्या पुणे जिल्ह्यात असे सात बसतील आणि वर जागा उरेल. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. कारखान्याच्या गेटवर झालेलं भांडण संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेलं असतं, कारण गिऱ्हाइकाचा भाचा तुमच्याकडेच पॅकिंगला असतो. पुढचं सगळं अशा कंपनीसाठी आहे जिचं तिथं खरोखर काम चालतं: कपड्यांचा कारखाना, हॉटेल, बांधकाम, धान्य-मसाल्याची आयात, आयटी ऑफिस. ग्लोबल बिझनेस लायसन्सवर (नोंदणी मॉरिशसची, धंदा मुख्यतः देशाबाहेरचा) चालणाऱ्या कंपन्यांना तिथला सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, कायदा लागू होत नाही. मराठी उद्योजकाला मॉरिशसची नेमकी तीच बाजू जास्त ऐकून माहीत असते, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

बहुतेक जण सामाजिक जबाबदारी म्हटलं की कायद्याने मागितलेल्या दोन टक्क्यांपासून सुरुवात करतात. त्याला तारखा आहेत, दंड आहे, म्हणून हिशेब आधी बघू. पण लहान देशात कंपनीची पत ठरते ती भरती आणि पगारपत्रकावर.

दोन टक्क्यांचा हिशेब

सीएसआरची सक्ती २००९ साली आली. आयकर कायदा १९९५ च्या कलम ५०-एलनुसार कंपनीने दरवर्षी आपल्या मागच्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के इतका सीएसआर निधी उभा करायचा. 'मागच्या वर्षाच्या' या दोन शब्दांखाली लाल रेघ ओढून ठेवा. गेल्या वर्षी चांगला नफा झाला आणि यंदा ऑर्डर आटल्या, तरी गेल्या वर्षाच्या नफ्यावरचा निधी यंदाच्या कोरड्या गल्ल्यातून द्यावा लागतो. त्यामुळे वर्ष संपून करपात्र उत्पन्नाचा आकडा हातात आला की त्याच आठवड्यात २ टक्के वेगळ्या बँक खात्यात टाका. मागच्या वर्षी करपात्र उत्पन्नच नसेल तर निधीही नाही.

सुरुवातीची काही वर्षं हा पैसा कंपन्या स्वतःच खर्च करत. २०१६ च्या वित्त कायद्याने राष्ट्रीय सीएसआर प्रतिष्ठान आलं. पुढे त्याचं नाव नॅशनल सोशल इन्क्लूजन फाउंडेशन झालं; सगळे एनएसआयएफ म्हणतात. १ जानेवारी २०१७ पासून निधीतला किमान ५० टक्के आणि १ जानेवारी २०१९ पासून किमान ७५ टक्के भाग मॉरिशस रेव्हेन्यू अथॉरिटी या तिथल्या कर खात्याकडे, म्हणजे एमआरएकडे, भरण्याचा नियम झाला. तिथून तो एनएसआयएफमार्फत संस्थांना मिळतो. हे दर आणि सवलती जूनमधल्या अर्थसंकल्पात हलतात, म्हणून त्या वर्षाचा आकडा हिशेबनिसाकडून लेखी घ्या.

उदाहरण घेऊ. मागच्या वर्षाचं करपात्र उत्पन्न ४ कोटी मॉरिशस रुपये. (तिथलाही रुपयाच, पण वेगळा, भारतातल्या मुख्य कार्यालयाला पाठवायच्या तक्त्यात प्रत्येक स्तंभावर चलन लिहा, नाहीतर गोंधळ ठरलेला.) निधी ८ लाख. त्यातले ६ लाख एमआरएला, २ लाख तुमच्या हातात. तिमाही आगाऊ कराच्या व्यवस्थेत असाल तर ते ६ लाख तिमाही विवरणपत्रांबरोबर दीड-दीड लाखाने जातात आणि उरलेलं वार्षिक विवरणपत्राबरोबर मिटतं. हातातल्या २ लाखांतले न खर्चलेले पैसेही शेवटी एमआरएलाच जातात. 'बघू मार्चमध्ये' म्हणणाऱ्या कंपनीचे हे पैसे हमखास तिकडे जातात.

७५ टक्क्यांचा भाग हा व्यवहारात करच आहे, तो तसाच मानावा. वार्षिक अहवालात 'आम्ही समाजासाठी ८ लाख खर्च केले' असं छापू नका. '६ लाख एमआरएला भरले, २ लाखांतून अमुक काम केलं' असं लिहा. तिथला वाचक कायदा जाणतो आणि पहिल्या वाक्याला हसतो.

आणखी एक गल्लत टाळा. जुलै २०२४ पासून ५ कोटी मॉरिशस रुपयांहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांवर हवामान जबाबदारीची वेगळी २ टक्के आकारणी आली. ती आणि सीएसआर एक नव्हे. एकीचा भरणा दुसरीत वळता होत नाही.

काय चालत नाही

आयकर कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात कामाची क्षेत्रं दिली आहेत: गरिबी हटवण्यासाठीचा सामाजिक-आर्थिक विकास, शिक्षणाला मदत आणि प्रशिक्षण, सामाजिक घरबांधणी, अपंगांना आधार, आरोग्य, कुटुंबाचं संरक्षण, खेळ, पर्यावरण वगैरे. वगळलेल्या गोष्टींची यादी मात्र तोंडपाठ असायला हवी. धार्मिक कार्यक्रम, राजकीय पक्ष, कामगार संघटना, कर्मचाऱ्यांचं कल्याण, भागधारक किंवा वरिष्ठ अधिकारी आणि त्यांच्या घरच्यांसाठीचे उपक्रम, दारू-सिगारेट-जुगाराला उत्तेजन, वंश, वर्ण, पंथ वा लिंग पाहून केलेला भेदभाव: यांपैकी कशावरही झालेला खर्च सीएसआर धरला जात नाही.

मराठी माणसाची अडचण पहिल्याच शब्दाशी होते. मॉरिशसमध्ये मराठी भाषक समाज एकोणिसाव्या शतकापासून आहे, गणेश चतुर्थीची तिथं सार्वजनिक सुट्टी असते, आणि वर्गणी मागायला येणारे ओळखीचे असतात. वर्गणी जरूर द्या, पण ती कंपनीच्या नेहमीच्या देणगी खात्यातून. त्याच मंडळाने गरीब मुलांसाठी सर्व समाजांना खुला अभ्यासवर्ग चालवला आणि त्याची नोंदणी व हिशेब वेगळे असले, तर त्या वर्गाचा विचार होऊ शकतो. फक्त मराठी मुलांसाठी म्हटलं की पुन्हा अडकलात.

भारतात मूळ कंपनी असेल तर दोन कायद्यांचं लग्न लावू नका. भारतातला कंपनी कायदा २०१३, कलम १३५, तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के मागतो आणि तो ठरावीक मोठ्या कंपन्यांनाच लागू आहे: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक गाठली तर. मॉरिशसचा कायदा अशी खालची पायरी मानत नाही, लहान कंपनीही त्यात येते. भारतीय नियमांप्रमाणे देशाबाहेर केलेला खर्च सीएसआरमध्ये मोजला जात नाही (परदेशात खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडून). म्हणून पोर्ट लुईतल्या वस्तीवर केलेला खर्च मुंबईच्या ताळेबंदात दाखवता येणार नाही.

हातातले दोन लाख

दोन लाख ही रक्कम पाच संस्थांना चाळीस-चाळीस हजार वाटली की संपते आणि पाचही जागी काही उरत नाही. एक वस्ती, एक संस्था, तीन वर्षं. वस्ती कारखान्यापासून चालत किंवा एका बसने पोचता येईल इतकी जवळ निवडा, म्हणजे पुढे तिथल्याच घरांतून माणसं कामावर घेता येतात. धंद्याची वाढ आणि मदत यांची गाठ इथे पडते. त्यासाठी वेगळं धोरणपत्र लागत नाही.

गरीब कुटुंबांची अधिकृत नोंद 'सोशल रजिस्टर ऑफ मॉरिशस'मध्ये असते. संस्थेला विचारा की तुमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी किती घरं त्या नोंदीत आहेत. आकडा चटकन सांगता आला नाही तर संस्था वस्तीत रुजलेली नाही असं समजा. एनएसआयएफकडची नोंदणी, मागच्या दोन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि बँक खातं संस्थेच्या नावावर (अध्यक्षांच्या नव्हे) आहे ना, हे तीन कागद पैसे देण्याआधी फायलीत लागतात.

शाळेनंतरच्या अभ्यासवर्गाचा नमुना हिशेब असा करता येईल. दर तिथल्या भावाने बदला, रचना हीच ठेवा. २० मुलं, आठवड्यातून ३ दिवस, ३६ आठवडे, म्हणजे १०८ वर्ग.
खाणं: २० × १०८ = २,१६० वाट्या; दर ४० धरला तर ८६,४००.
शिकवणारे दोघे: २ × १०८ = २१६ वेळा; दर ४०० धरला तर ८६,४००.
वह्या, फळा, दुरुस्ती, बस, हिशेब तपासणी: उरलेले २७,२००.

खाण्याची ओळ कापून कॉम्प्युटर घेऊ, अशी सूचना बैठकीत कोणीतरी करतंच. मान्य करू नका. दुपारी पोटात काही नसेल तर मूल तीन आठवड्यांत येईनासं होतं आणि कॉम्प्युटर कुलुपात राहतो. शिकवणाऱ्याला क्रेओल ही तिथली बोलीभाषा यायला हवी. अर्ज आणि अहवाल इंग्रजीत चालतात, पण आईशी बोलणं क्रेओलमध्येच होतं.

पैसे एकदम देऊ नका: ८०,००० करारावर सही झाल्यावर, ८०,००० पहिल्या बारा आठवड्यांची हजेरी पाहून, ४०,००० अखेरच्या हिशेबानंतर. दुसरा हप्ता तुमच्याच लेखा विभागात अडकला तर शिक्षक सोडून जातो, म्हणून हजेरीपत्रक मिळाल्यापासून सात दिवसांत पैसे, असं तुमच्यावरचं बंधनही करारात घाला. कंपनीचा फलक आणि टी-शर्ट जाहिरातीच्या खर्चातून. मुलांचे फोटो छापण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. तिथला डेटा संरक्षण कायदा २०१७ चा आहे आणि 'गरीब कुटुंबातील लाभार्थी' असं नावानिशी छापलेलं मूल उद्या शाळेत त्याच नावाने ओळखलं जातं.

शंभर कामगारांच्या आतल्या कंपन्यांनी शेजारच्या दोन-तीन कंपन्यांबरोबर हातातला भाग एकत्र करावा. संस्थेबरोबर प्रत्येकीचा करार वेगळा, पावती वेगळी, काम एक. पावत्या एकत्र केल्या की वर्षअखेरीला कुणी किती खर्च केला हे सिद्ध होत नाही.

वस्तीतून माणसं कामावर घेताना

सोशल रजिस्टरमधल्या कुटुंबातल्या तरुणाला नोकरी दिली आणि तो महिन्यात सोडून गेला, की 'यांना कामच नको' असा शेरा फायलीत पडतो. कारणं सहसा तीन असतात आणि तिन्ही दुरुस्त करता येतात.

पहिलं, पहिला पगार. महिनाअखेरीला पगार म्हणजे तीस दिवस बसभाडं आणि डबा उसनवारीवर. पहिले दोन महिने पगार दर आठवड्याला द्या, किंवा तिसऱ्या दिवशी बिनव्याजी उचल देऊन ती चार हप्त्यांत कापा.

दुसरं, सरकारी भत्ता. २०१६ च्या सामाजिक एकात्मता कायद्याने गरीब कुटुंबांना निर्वाह भत्ता सुरू झाला. त्याची रचना अशी की ठरलेली दारिद्र्यरेषा आणि कुटुंबाचं उत्पन्न यांतली तूट सरकार भरून काढतं. सुरुवातीला ही रेषा एका प्रौढामागे २,७२० आणि दोन प्रौढ व तीन मुलांच्या घराला जास्तीत जास्त ९,५२० मॉरिशस रुपये होती. नंतर ती वाढली. घरात पगार आला की भत्ता घटतो किंवा बंद होतो. नोकरी टिकेल याची खात्री नसताना भत्ता सोडणं घर चालवणाऱ्या बाईला परवडत नाही, आणि तिचा हिशेब बरोबर असतो. म्हणून तीन महिन्यांच्या हंगामी कामावर अशा घरातलं माणूस बोलावू नका. किमान वर्षाचा करार द्या आणि कामावर घेण्याआधी तिच्यासोबत बसून कागदावर मांडा: आज घरात किती येतात, पगारानंतर किती येतील, बसभाडं आणि मूल सांभाळण्याचे किती जातील. उरणारी रक्कम नगण्य असेल तर शिफ्ट बदला, किंवा बसभाडं तुम्ही उचला.

तिसरं, लहान मूल. पहाटेच्या शिफ्टला निघणाऱ्या आईचं मूल कोणाकडे राहणार, हे मुलाखतीतच विचारा. शेजारच्या पाळणाघराशी कंपनीने महिन्याचा करार केला तर चार-पाच जागा राखून ठेवता येतात. तो खर्च कर्मचारी कल्याणात जाईल, सीएसआरमध्ये नाही, पण गैरहजेरी घटून तो भरून निघतो की नाही ते सहा महिन्यांच्या हजेरीपत्रकावर मोजा. राष्ट्रीय किमान वेतन २०१८ पासून लागू आहे आणि जानेवारीत वाढतं; ते पाळणं ही सुरुवातीची रेघ, अहवालात मिरवायची गोष्ट नव्हे.

परदेशी कामगार: सगळ्यात मोठी चूक इथे होते

कपड्यांचे कारखाने आणि बांधकामं बांगलादेश, भारत, मादागास्कर, नेपाळमधल्या माणसांवर चालतात. मालक शाळेला वह्या वाटतो आणि त्याच्याच शिवणयंत्रावर बसलेला माणूस एजंटाचं कर्ज फेडत असतो. हे मालकाला ठाऊक नसतं, कारण त्याने विचारलेलं नसतं. गावाकडे १,२०,००० भारतीय रुपये महिना ३ टक्क्यांनी उचलले असतील तर नुसतं व्याज महिन्याला ३,६०० होतं. असा माणूस आजारी असला तरी ओव्हरटाइम नाकारत नाही, सुपरवायझरने शिवी दिली तरी तक्रार करत नाही, आणि पहिली संधी मिळताच निघून जातो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या न्याय्य भरतीच्या तत्त्वांनुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. २०१९ साली संघटनेने या खर्चाची व्याख्याही ठरवली: एजंटाची फी, वैद्यकीय तपासणी, कौशल्य चाचणी, प्रवास, कागदपत्रं, प्रशिक्षण. युरोप-अमेरिकेचे खरेदीदार हेच तपासतात आणि यातली गडबड सापडली की परतफेड करायला लावतात, किंवा ऑर्डर थांबवतात.

एजंटाबरोबरच्या करारात माणशी मेहनताना रकमेत लिहा. कामगाराकडून काही घेतल्याचं निघालं तर ती रक्कम तुमच्या पुढच्या बिलातून वळती होईल, अशी अट घाला. शिवाय एजंटाने खाली कोणते दलाल लावलेत त्यांची यादी मागा. पैसे बहुतेक वेळा तो गावातला दलालच घेतो आणि मुख्य एजंट हात झटकतो.

चौकशी कशी करायची हे जास्त महत्त्वाचं. माणूस उतरल्या दिवशी, मॅनेजरसमोर, इंग्रजी अर्जावर विचारलं तर उत्तर 'काही दिलं नाही' असंच येणार. ते त्याला विमानतळावरच पढवलेलं असतं. तीन महिन्यांनी विचारा. एकेकट्याला, त्याच्या भाषेत, कारखान्याबाहेरच्या माणसाकरवी. 'फी दिली का?' असा प्रश्न नको. 'घरून निघाल्यापासून इथं पोचेपर्यंत कुणाकुणाला किती दिले?' असं विचारा आणि टप्प्याटप्प्याने लिहा. परतफेड करायची ठरली तर पगारचिठ्ठीवर वेगळी ओळ ठेवून सहा महिन्यांत करा. पगारात मिसळलेली परतफेड तपासणीत दिसत नाही, आणि कामगारालाही पगार वाढला असं वाटून पुढे घटल्यावर भांडण होतं. सांगणाऱ्या माणसाचा करार नूतनीकरणात कापला गेला, की पुढच्या वर्षी कोणी तोंड उघडत नाही.

पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात. 'सुरक्षित राहावा म्हणून आम्ही ठेवतो' हे कारण तपासनीस ऐकून घेत नाहीत. खोलीत प्रत्येकाला कुलुपाचा लहान कप्पा दिला की तो प्रश्न संपतो. कामगारांच्या निवासासाठी २०११ चे वेगळे नियम आणि परवाना आहे. परवान्यावर जितकी माणसं लिहिली आहेत तितकेच पलंग. ऑर्डर वाढली म्हणून दहा माणसं जास्त कोंबली की त्याच इमारतीत पाणी, संडास आणि आगीची वाट तिन्ही कमी पडतात. महिन्यातून एकदा रात्री नऊनंतर स्वतः जाऊन बघा. मागच्या दाराला बाहेरून कुलूप असेल तर ते त्याच वेळी काढायला लावा.

चक्रीवादळ, पूर, तेलगळती

चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते मे. तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की कामं थांबतात, म्हणून माणसं घरी पाठवायचा निर्णय दुसऱ्या श्रेणीलाच घ्या. बस बंद झाल्यावर सोडलेली शिफ्ट रस्त्यावर अडकते. पोर्ट लुईत ३० मार्च २०१३ च्या पुरात ११ जणांचा जीव गेला, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात शहर पुन्हा पाण्याखाली आलं. दोन्ही वेळा पाणी काही तासांत चढलं.

वसतिगृहात ५० माणसं असतील तर माणशी दिवसाला ३ लिटर, तीन दिवस, म्हणजे ४५० लिटर पिण्याचं पाणी भरलेलं हवं. न शिजवता खाता येईल असं अन्न, बॅटऱ्या, औषधं, आणि प्रत्येकाच्या घरच्यांचा नंबर कागदावर छापलेला, कारण फोन उतरलेले असतात.

वाकाशिओ हे जहाज २५ जुलै २०२० रोजी प्वँत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं आणि सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेलं. मायेबूरच्या किनाऱ्यावर लोकांनी उसाचं पाचट कापडात भरून तरंगते बांध शिवले. कापड, ट्रक, जेवण, शिवणारे हात, हे सगळं कंपन्यांकडे पडूनच असतं. ऐनवेळी काय देता येईल याची यादी नसते. ती एका पानावर आजच करा: किती मीटर टाकाऊ कापड, किती वाहनं आणि चालक, स्वयंपाकघरातून किती माणसांचं जेवण, कोणाच्या सहीने हलवता येईल. मदतीला कामगार पाठवायचे तर स्वेच्छेने, भरपगारी, आणि हातमोजे, मास्क, बूट दिल्याशिवाय नाही. सांडलेल्या तेलाची वाफ छातीत जाते आणि उघड्या हातांवर फोड येतात. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असेल तेव्हाची दुसरी किल्ली कोणाकडे, हेही त्याच पानावर लिहा.